अकरा दिवस कमी

उज्जैन, १८ मार्च २०२५

वन्सं,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला इकडचं सगळं ठीक आहे असं लिहायची आपल्याकडे पद्धत. मी ते लिहीत नाही, कारण ठीक काहीच नाही, आणि चिटणिसांच्या घरातल्या सुनेने निदान कागदावर तरी खोटं लिहू नये.

फोन केला असता. पण मागच्या वेळी तुमच्या कानातलं यंत्र शिट्टी वाजवत होतं, मी ‘तब्येत बरी नाही’ एवढंच तीन वेळा ओरडले, तर समोरच्या उषाताई काढा घेऊन आल्या. तुमचं व्हॉट्सॲप तुमच्या रुचिरच्या फोनवर. भाच्याने वाचावं असं हे नाही. सासूबाई गेल्यापासून असलं काही बोलायला घरात मोठ्या अशा तुम्हीच.

तर झालंय असं, की मला झोप येत नाही. म्हणजे येते, पण टिकत नाही. अकराला डोळा लागतो आणि अडीचला कोणीतरी आतून शेगडी पेटवल्यासारखी जाग येते. मान, पाठ, उशी, सगळं ओलं. पंखा पाचवर करते. दहा मिनिटांत थंडी वाजते. तुमचा भाऊ शेजारी गळ्यापर्यंत रजई ओढून शांत झोपलेला असतो, आणि मला त्याचा इतका राग येतो की काय सांगू. बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच की तो झोपलाय.

दिवसाचं तर विचारूच नका. जानेवारीत बँकेतून रिटायर झाल्यापासून सुहास सकाळी पोह्यांवर मूठभर शेव घालून पेपर घेऊन बसतो. ती शेव चावल्याचा आवाज, वन्सं. सत्तावीस वर्षं ऐकत आले, कधी काही वाटलं नाही. परवा मी त्याच्या समोरून शेवेचा डबा उचलला आणि गच्चीवर ठेवून आले. मग जिन्यात बसून रडले. का रडले ते मला अजून माहीत पडलेलं नाही.

शाळेतलं तर ह्याहून वाईट. दहावीच्या वर्गात फळ्यावर गणित मांडलं आणि साठ भागिले पंधरा किती ते मला सुचेना. मुली बघत होत्या. मी खडूची पेटी टेबलावर आपटली, ‘आज नहीं होगा’ म्हटलं आणि बाहेर निघून आले. पंचवीस वर्षांच्या नोकरीत असं कधी केलं नव्हतं.

ऑगस्टअखेर आमच्या प्राचार्य मॅडम रिटायर होतात. सिनिऑरिटीने चार्ज माझ्याकडे येतो. त्या खुर्चीकडे बघत मी मनातल्या मनात किती टाइमटेबलं लावलीत, ते मलाच ठाऊक. पण जिला साठ भागिले पंधरा येत नाही, तिने शाळा चालवू नये. मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून ठेवलाय. अजून दिलेला नाही. सुहासला ह्यातलं काही सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. मला भीती वाटते, वन्सं. माझं डोकं चाललंय असं वाटतं.

तुमची,
अहल्या


मिरज, २९ मार्च

अहल्या,

खूप आशीर्वाद. कागद बघून हसू नकोस. रुचिरच्या ऑफिसातल्या कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका आहे, मागची बाजू कोरी होती. पाठकोरा कागद टाकून देववत नाही मला.

तुझं डोकं कुठेही चाललेलं नाही. ते जिथे होतं तिथेच आहे, फक्त त्याला झोप मिळत नाहीये. तुझं वय एक्कावन्न. शेगडी, घाम, रडू, राग, विसरणं, सगळं लिहिलंस आणि मुख्य ते लिहिलं नाहीस. पाळी शेवटची कधी आली? मी सांगते. मागच्या ऋषिपंचमीला तू फोनवर म्हणाली होतीस, नेमकी आजच आली, भाजी सुहासने चिरली आणि अळूने त्याचे हात खाजले. हे मला नीट ऐकू आलं होतं, कारण मी खूप हसले होते. त्यानंतर आली का? नसेल, तर येत्या ऋषिपंचमीला वर्ष भरतं.

आणि वर्ष भरलं की काय करायचं असतं? उद्यापन. लग्नापासून आपण हे व्रत करतो. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, सात ऋषींची पूजा, ती पंचवीस जिनसांची भाजी. पाळी गेली की एकदा सात जणांना जेवू घालून व्रताला निरोप द्यायचा. दोष-बिष मी मानत नाही, भाजी मात्र मानते. आपल्या घरात सुनेचं उद्यापन नणंदेच्या हातचं. आईचं आत्याने केलं, तुझं मी करणार. सात वर्षं झाली मला माहेरी येऊन. माझा हक्क आहे, तो मी सोडणार नाही.

डॉक्टरकडे मात्र जाऊन ये. माझ्या वेळी कोणी गेलं नाही, मीही गेले नाही.

नोकरीबद्दल मी काही बोलत नाही. माझी एवढी चालती खानावळ मी गुडघ्यांपायी बंद केली, मी तुला काय शहाणपण शिकवणार? सुहासला सांगणार नाही. शब्द दिला.

मंगला


उज्जैन, ६ एप्रिल

ती. ताई,

विषय: अहल्येच्या वागण्यातील बदल.

हसू नकोस. सदतीस वर्षं बँकेत काढली, विषय लिहिल्याशिवाय हात पुढे सरकत नाही.

ताई, मी घरात बसल्यापासून अहल्येला मी नकोसा झालोय. जानेवारीत रिटायर झालो, फेब्रुवारीपासून हे सुरू आहे, म्हणजे कारण उघड आहे. मी पेपर वाचला तरी चिडते. ‘चहा करू का’ विचारलं तर म्हणते, विचारतोस कशाला. न विचारता केला तर म्हणते, कोणी सांगितलं होतं. रात्री उठून बैठकीत जाऊन झोपते. मी जागा असतो, पण झोपलेला दाखवतो, कारण जागा दिसलो तर काहीतरी चुकीचं बोलेन. माझ्या शेव खाण्याचा तिला इतका त्रास होतो की मी शेव सोडली आहे. उज्जैनमध्ये राहून शेवेशिवाय पोहे खाणारा मी एकटाच माणूस असेन. उषाताईंनी मला विचारलं, भाऊसाहेब, दांत में कुछ हो गया क्या?

मी एक ठरवलंय. देवासला एका पतसंस्थेत माझ्यासारखा अनुभवी माणूस हवा आहे. सप्टेंबरपासून रोज सकाळी आठच्या बसने जायचं, संध्याकाळी सातला परत. मनातून जायचं नाही मला. आता कुठे आम्ही दोघं जरा एकत्र राहणार होतो. पण मी दिवसभर बाहेर राहिलो तर ती आधीसारखी हसेल असं वाटतं. तिला हे सांगू नकोस. नोकरी हौसेने धरली असंच सांगणार आहे.

तुझे गुडघे सांभाळ.

सुहास


मिरज, १५ एप्रिल

सुहास,

विजेच्या बिलामागे लिहितेय, जागा कमी आहे, म्हणून थोडक्यात.

तू गाढव आहेस. तुझ्या शेवेचा ह्याच्याशी संबंध नाही. बायकांचं ह्या वयात होतं ते तिला होतंय, बाकी तिने सांगायचं तर ती सांगेल. तिला डॉक्टरकडे घेऊन जा आणि तिथे गप्प बस. रात्री जागा असशील तर जागा दिस. पाणी आणून दे. काही बोलू नकोस.

ऋषिपंचमीला मी येतेय, तिच्या उद्यापनाला. सात जणांना द्यायला भैरवगडच्या ठप्प्यांच्या सात सुती चादरी आणून ठेव. स्वतः जाऊन हाताने बघून घे, रंग जाणारा नको.

देवासचं अहल्येला सांगत नाही. शब्द दिला. तुम्हा नवरा-बायकोचे शब्द सांभाळता सांभाळता माझी पाठ दुखायला लागलीय.

ताई


उज्जैन, १२ जून

वन्सं,

उत्तराला उशीर झाला. परीक्षा, पेपर तपासणं, आणि मध्ये पंधरा दिवस मी कोणाशीच बोलत नव्हते. आता बोलतेय.

डॉक्टरकडे गेले होते. टावर चौकामागे एक डॉक्टरीणबाई बसतात. सुहास स्वतःहून म्हणाला, मी येतो. आत येऊन इतका गप्प बसला की बाईंना वाटलं पेशंट तोच आहे. मी सगळं सांगितलं, डोकं जातंय हेही. त्या म्हणाल्या, ‘पागल नहीं हो रही हैं मैडम, बदल रही हैं.’ वन्सं, मी तिथेच टेबलावर डोकं टेकून रडले, आणि ह्या खेपेला मला माहीत होतं की का रडतेय. रक्त तपासलं. थायरॉइड ठीक निघालं, लोह कमी, त्याच्या गोळ्या चालू आहेत. चहा दुपारी चारनंतर बंद. सकाळी चालायचं. तरी फरक पडला नाही तर दुसरी औषधं आहेत म्हणाल्या, घाबरायचं नाही. झोप थोडी बरी आहे. पाचपैकी दोन रात्री मिळतात. आणि एक नवीनच चाललंय. रात्री मी उठले की सुहास उठतो, पाण्याचा तांब्या आणून ठेवतो आणि एक शब्द न बोलता परत झोपतो. त्याला कोणी शिकवलं कोणास ठाऊक.

आता उद्यापनाचं. बाईंनी सांगितलं, पूर्ण बारा महिने मोजायचे, कॅलेंडरने. मध्ये एकदा जरी आली तर गिनती परत एकपासून. मागची ऋषिपंचमी आठ सप्टेंबरला होती, यंदाची अठ्ठावीस ऑगस्टला आहे. म्हणजे तिथीने वर्ष भरतं, पण तारखेने अकरा दिवस कमी पडतात. तेव्हा यंदा राहू द्या.

खरं सांगू? मला ते नकोच आहे. सगळ्या मराठी मंडळींना आमंत्रण देऊन, सात जणांना जेवायला बसवून सांगायचं काय, तर अहल्या चिटणीस आता म्हातारी झाली. तुम्हाला माहेरी यायचं आहे हे मला कळतं. तशाच या ना.

अर्ज तीस ऑगस्टला देणार. घरात सगळं नीट चाललं की माणूस जरा सावरतो, पण खुर्चीत बसून तीनशे मुली आणि बावीस शिक्षक सावरणं वेगळं. परवा स्टाफरूममध्ये मी मीना मॅडमना माझा चष्मा कुठे म्हणून विचारलं, तो माझ्याच डोक्यावर होता, सगळ्या हसल्या, मी नाही हसले.

आणि गंमत ऐका. सुहासने देवासला नोकरी धरलीय, सप्टेंबरपासून. म्हणतो, घरात बसून कंटाळा येतो. मी घरी बसायला येणार आणि हा बाहेर निघाला. मला वाटतं, त्याला माझाच कंटाळा आलाय. बोलत नाही एवढंच.

तुमची,
अहल्या


मिरज, १ जुलै

अहल्या,

तुझी डॉक्टरीण कॅलेंडर बघते, मी पंचांग बघते. ऋषी सप्टेंबर मानत नाहीत. उद्यापन यंदाच होणार. तिकीट काढलंय, पंचवीस ऑगस्टला पोचते. गोपाळकृष्ण गुरुजींना मी कार्ड टाकलंय, तू आता नाही म्हणू नकोस.

म्हातारी झाली वगैरे काय लिहितेस? मला चौसष्ट झाली, मला कोणी म्हातारी म्हणून दाखवावं.

भाजीसाठी अळू, सुरण, अंबाडी, लाल भोपळा, मक्याची कणसं आणि मिळेल ती पालेभाजी सांगून ठेव. सुरण कोवळा नको.

अर्जाचं एक ऐक. मी येईपर्यंत तो देवघराच्या पेटीत ठेव. एवढी नोकरी केलीस, तो कागद घरातल्या मोठ्या माणसाच्या पाया पडून दिला पाहिजे. बाकी मी काही म्हणत नाही. म्हणायला तोंड आहे, पण दिलेले शब्द आडवे येतात.

सुहासच्या नोकरीबद्दल मला काही माहीत नाही.

मंगला


उज्जैन, ९ सप्टेंबर

वन्सं,

सुखरूप पोचल्याचं रुचिरने कळवलं. तुम्ही इथे अकरा दिवस राहिलात, सगळं तुमच्या डोळ्यांसमोर झालं, मग मी पत्रात काय लिहितेय असं तुम्हाला वाटेल. पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. ती तुम्हाला कशी सांगावी असा विचार आम्ही दोघं तुम्ही असेपर्यंत करत होतो. दोघांचीही हिंमत झाली नाही. म्हणून लिहितेय.

ऋषिपंचमीच्या सकाळी तुम्ही भाजी ढवळत होतात. वाफेने बिघडतं म्हणून यंत्र काढून वाटीत ठेवलं होतंत. बैठकीत गुरुजी पाटावर सात ऋषींच्या सात सुपाऱ्या मांडत होते, मंडळी जमायला लागली होती. मी कपडे बदलायला गेले आणि बघते तर काय. अकरा दिवस कमी होते ना, त्या अकरा दिवसांनी दावा साधला.

मला तर वाटलं आता जमीन फाटेल. बैठकीत लोक, तुम्हाला ऐकू येत नाही, ओरडून कसं सांगू? म्हणून भाज्यांच्या यादीच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘आली.’ तुम्ही वाचलंत, गॅस बारीक केलात, मला जवळ ओढलंत आणि माझ्या कानात हळूच बोललात.

वन्सं, ते हळू नव्हतं.

तुम्हाला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. बैठकीत ऐकू आलं, जिन्यात ऐकू आलं, आणि समोर उषाताईंच्या खिडकीत तर नक्की आलं, कारण नंतर त्या मला येऊन भेटून गेल्या. तुम्ही जे बोललात ते मला शब्दाशब्दाने पाठ आहे, ते इथे लिहून ठेवते.

‘अगं, मग रडतेस काय? उद्यापन रद्द. गुरुजींना सांगू, आमची अहल्या अजून वर्षभर तरी हटत नाही. आणि आता ऐक, कोणाला सांगू नकोस. माझ्या गुडघ्यांना काही झालं नव्हतं. तुझ्याएवढीच होते, चार महिने झोप नव्हती. एक जण म्हणाला, आमटी पातळ आहे. मी पळी फेकली आणि दुसऱ्या दिवशी खानावळ बंद केली. चाळीस माणसं जेवत होती माझ्या हातचं. वर्षभराने झोप परत आली, खानावळ नाही आली. तेरा वर्षं झाली, अजून सकाळी जाग आली की पहिला विचार चाळीस जणांच्या कणकेचा येतो. तू तो अर्ज दिलास तर मी तुझं तोंड बघणार नाही. साठ भागिले पंधरा उद्या येईल, शाळा परत येणार नाही. आणि तो सुहास. त्याला वाटतं तू त्याच्या शेवेला कंटाळलीस, म्हणून तो बापडा मन मारून देवासला निघालाय. हे तुला सांगणार नाही असा शब्द दिलाय मी त्याला, म्हणून हळू बोलतेय.’

तुम्ही परत भाजीकडे वळलात. गुरुजींच्या हातात वसिष्ठांची सुपारी होती, ती तशीच हातात राहिली. मी दाराकडे पाहिलं तर सुहास उभा होता. त्याला अर्जाबद्दल तेव्हा पहिल्यांदा कळत होतं आणि मला देवासचं खरं कारण. तो आत आला नाही. तिथूनच म्हणाला, ‘मी शेव सोडली आहे. तू शाळा सोडू नकोस.’

मग मला हसू आलं. तुम्ही वळून बघितलंत तेव्हा मी भिंतीला टेकून हसत होते, आणि तुम्हाला वाटलं रडतेय, म्हणून तुम्ही पदराने माझे डोळे पुसलेत. सुहासही हसत होता. बाहेर कोणीतरी आधी खोकलं आणि मग सगळेच हसले. इतके महिने ज्याची लाज वाटत होती ते सगळ्यांना एका झटक्यात कळलं, आणि कोणाला काही वाटलंच नाही. गुरुजी पोथी मिटून मला एवढंच म्हणाले की ऋषींना पुढच्या वर्षी परत बोलावू, पण भाजीचा वास आलाय तेव्हा ब्राह्मण उपाशी जाणार नाहीत. पानं कशी उठली ते तुम्ही पाहिलंतच. तुम्हाला वाटलं सगळे तुमच्या भाजीवर खूश आहेत. होतेच. पण सगळे तुमच्याकडे बघून का हसत होते त्याचं कारण हे.

सुहासने देवासला नकार कळवला. मी शेवेचा नवा डबा आणला. तो खातो, मी तेवढा वेळ तुळशीला पाणी घालते. काही सकाळी बाजूलाही बसते.

चार्ज एक तारखेला घेतला. पहिल्या दिवशी दार लावून दहा मिनिटं रडले, मग तोंड धुतलं आणि टाइमटेबल लावलं. दहावीच्या मुलींना साठ भागिले पंधराची गोष्ट मीच सांगितली. म्हटलं, विसरणं हा गुन्हा नाही, उठून जाणं हा होता. आमच्या मुक्ता मॅडम परवा दाराशी येऊन हळूच विचारून गेल्या, मैडम, वो डॉक्टर कौन-सी हैं? आता तिसरी बाई जातेय त्या डॉक्टरीणबाईंकडे माझ्या नावाने.

त्या सात चादरी उरल्या, ठाऊक आहेच तुम्हाला. आता मी त्यांच्यावरच झोपते. रात्री एक भिजली की दुसरी. सुहासने प्रत्येकीला एकेका ऋषीचं नाव दिलंय. काल जमदग्नी भिजले, मग अत्री अंथरले. फक्त गौतम मी कपाटातून काढत नाही. त्यांचं आणि अहल्येचं जुनं वाकडं आहे.

झोप पूर्ण आली आहे असं नाही. अजून आठवड्यातून दोनदा तरी शेगडी पेटते. पण आता ती शेगडी आहे हे माहीत आहे, घराला आग लागली असं वाटत नाही.

हिशेब करून पाहिला. पुढच्या वर्षी अधिक महिना आहे, ऋषिपंचमी पंधरा सप्टेंबरला येते. म्हणजे ह्या खेपेला तारखेनेही वर्ष भरून वर अठरा दिवस उरतात. मध्ये काही झालं नाही तर उद्यापन पक्कं, आणि ह्या वेळी आमंत्रणं मी स्वतः करीन. झालंच काही तर ऋषी थांबतील.

एक विचारायचं होतं. तो अर्ज देवघराच्या पेटीत ठेवला होता. तुम्ही गेलात त्या दिवसापासून शोधतेय, सापडत नाही. तुमच्या पाहण्यात आला होता का? फाडून टाकायचा आहे.

तुमची,
अहल्या


मिरज, २० सप्टेंबर

अहल्या,

आशीर्वाद, तुला आणि त्या गाढवाला.

तुझं पत्र वाचून मी तासभर कोणाला तोंड दाखवलं नाही. मग रुचिरला वाचायला दिलं. तो म्हणाला, आई, तू नेहमी अशीच हळू बोलतेस, आम्हाला वाटलं तुला माहीत आहे. चौसष्ट वर्षांची झाले आणि आज मला कळतंय की शेजारच्या मंगेशच्या बायकोला माझं तिच्याबद्दलचं मत सगळं ठाऊक आहे. तरीच ती वाटीभर साखर देत नाही.

गुडघ्यांची गोष्ट आता मिरजेतही सगळ्यांना सांगून टाकली. तेरा वर्षं जपून ठेवलेलं खोटं एकदा उज्जैनला मोडलंच होतं, इथे कशाला ठेवायचं? रुचिरची बायको म्हणाली, मग आता काय अडचण आहे? इथल्या मोठ्या हॉस्पिटलात शिकायला आलेल्या सहा मुली समोर भाड्याने राहतात, ब्रेड खाऊन झोपतात. सोमवारपासून त्यांचे सहा डबे सुरू केलेत. चाळीसची कणीक मळायची सवय, पहिल्या दिवशी एवढ्या पोळ्या झाल्या की गल्लीतल्या गाईही कंटाळल्या. काल एक मुलगी म्हणाली, काकू, आमटी थोडी पातळ होती. मी पळी हातात घेतली. मग तिला म्हटलं, उद्या घट्ट करते.

पुढच्या वर्षी येतेच. सात चादरी नव्या आण, जुन्या ऋषींना आता उद्यापनाला बसवता येणार नाही.

कागद संपत आला. जाड आहे, शाई फुटत नाही, एका बाजूला तुझं अक्षर होतं म्हणून टाकवला नाही. तुझा अर्ज कुठे गेला विचारलंस ना?

पान उलट.

मंगला